गाडी कुणाच्या नावावर

बंदरावरच्या कस्टमच्या खिडकीत बसलेला माणूस दर उन्हाळ्यात एकच प्रश्न विचारतो. गाडी कुणाच्या नावावर लावायची? ज्याच्या नावावर लावली, त्यानंच ती परत जाताना सोबत न्यायची. गाडी मोरोक्कोत टाकून किंवा विकून त्याला एकट्याला देशाबाहेर पडता येत नाही, विमानतळावरसुद्धा अडवतात. युरोपातून दर वर्षी गाडीनं गावी येणाऱ्या आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. कारण प्रत्येक घरात एक तरी असा शहाणा असतोच, की ज्याची गाडी घाटात कायमची बंद पडली आणि जो सुट्टी संपून महिना झाला तरी सासऱ्याच्या गावी वालाची आमटी ओरपत बसला होता. आमच्याकडे तो मान माझ्या नवऱ्याचा होता. पुढे तो नवराही राहिला नाही, पण ती गोष्ट वेगळी.

मी वर्दा. बेल्जियममध्ये गेंक गावात सिटी बस चालवते, वीस वर्षं झाली. माझे बाबा, मिमून, एकोणिसाव्या वर्षी मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगरातून तिथल्या कोळशाच्या खाणीत आले आणि खाण बंद होईपर्यंत जमिनीखाली राहिले. खाण बंद झाली, पण तिची धूळ त्यांच्या छातीत चालूच होती. घरात ते बसले आहेत की चालत आहेत, हे मला बाहेरच्या खोलीतून श्वासावरून कळायचं.

दर जुलैला आम्ही गाडी भरून गावी जातो. आमची पांढरी व्हॅन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. टपावर दोन गाद्या, सायकली, आत्याचं शिलाई मशीन, आतेभाऊ बुझियानला हवे असलेले चार टायर, आणि त्यावर निळी ताडपत्री. दोऱ्या बाबाच बांधायचे. दुसऱ्या कुणी बांधल्या तर सोडून पुन्हा बांधायचे, आणि बांधणाऱ्याच्या देखत.

पूर्वी गाडी ते चालवायचे. मी शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायची आणि त्यांच्या तळहातावर ठेवायची. आमच्याकडे शेजारी बसणाऱ्याचं ते कामच असतं. चालवणाऱ्याचं तोंड चालू राहिलं की डोळा लागत नाही. दोन दिवस, फ्रान्स आणि अख्खं स्पेन, नुसत्या बिया. आई मागच्या सीटवर, पायाशी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन, आम्हा दोघांना सालं खाली सांडल्याबद्दल शिव्या देत बसायची. बाबांची नजर कमी झाली तशा आम्ही जागा बदलल्या. मी स्टिअरिंगपाशी, ते बियांपाशी. आई गेली, तिला गावी पुरलं, आणि मागची सीट सामानाला मिळाली.

मग एका वर्षी डॉक्टरनं प्रवासाला सरळ नाही म्हटलं. दिवसातून पाच तास यंत्रातून ऑक्सिजन घ्यावा लागत होता.

"डॉक्टरला विचार, त्याचा बाप कुठे पुरलाय," बाबा मला म्हणाले.

"बाबा, ते असं कसं विचारायचं?"

"मग मला पण असलं काही विचारू नका म्हणावं."

माझा भाऊ फुआद फोनवरून म्हणाला, विमानानं ने. स्वतः नेणार नव्हता, पण सल्ला द्यायला काय जातं. बाबांना विमान नको होतं. विमानातून माणूस सामानासारखा जातो, म्हणाले. गाडीतून गेलं की आपण सामान घेऊन जातो.

स्पेनच्या टोकाला, अल्मेरियाला सकाळी बोटीवर गाडी चढवली. बोटीच्या पोटात गाडी लावताना मी आरसे मिटले, आणि बाबांना दोन मजले जिना चढवून वर आणलं. दर पाच पायऱ्यांना थांबत. डेकवर लोकांनी घोंगड्या पसरल्या होत्या, चहाचे थर्मास उघडले होते, पोरं एकमेकांची डोकी फोडत होती. मी एका कडेला सावली धरली, भाकरी, ऑलिव्ह, उकडलेली अंडी काढली. बाबांनी एक अंडं हातात घेतलं आणि सोललंच नाही.

"वर्दा, या खेपेला तू एकटीच परत जा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मी राहतो. तुझ्या आईशेजारी जागा आहे, भिंतीला लागून. बुझियानला सांगून ठेवलंय, तिथं दुसऱ्या कुणाला घालू नको म्हणून."

"बाबा, अंडं खा."

"अंडं खातो. तू उत्तर दे."

"दवाखाना तासभर लांब आहे तिथून. यंत्र बंद पडलं तर?"

"तर तासभर लागेल."

"गेंकला नीट राहिलात तर दोन वर्षं सहज काढाल, असं डॉक्टर म्हणालेत."

"कुठे काढू? त्या खिडकीपाशी?" ते म्हणाले. "समोर काय आहे? पार्किंग. पोरी, मी सत्तावीस वर्षं जमिनीखाली काढली. आता जे काय उरलंय ते उजेडात बसून काढू दे."

मी तोंडात अंडं कोंबलं. मला त्यांचं म्हणणं कळलं होतं, उगाच कानावर हात कशाला ठेवू? पण मला ते हवे होते. मी ड्यूटीवरून घरी आले की जिन्यातूनच ज्यांचा खोकला ऐकू यावा, असं माझं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. मी ती सोडणार नव्हते.

बोट मोरोक्कोत, नादोरला लागली. रांग दोन तासांची, ऊन टाळूत शिरणारं. बाबा गाडीत नळी लावून झोपले. मी कागदांचं प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन खिडकीपाशी गेले. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं,

"गाडी कुणाच्या नावावर? तुमच्या?"

पाच वर्षं मी या प्रश्नाला हो म्हणत आले होते.

"वडिलांच्या," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. गाडीच्या काचेतून बाबांचं उघडं तोंड दिसत होतं.

"हे चालवतात?"

"गाडी त्यांचीच आहे."

"झोपेत चालवतात?"

"झोपेतही माझ्यापेक्षा बरी चालवतात."

तो हसला. हसता हसता त्यानं बाबांचं नाव घातलं, कागद छापला, शिक्का मारला. मी कागद पाकिटात सगळ्यात मागे सरकवला. तेव्हा मला माझं फार कौतुक वाटलं. आता म्हाताऱ्याला गाडीसोबत परत यावंच लागणार होतं. ज्यानं जन्मात सरकारी कागद वाकडा होऊ दिला नाही, जो विजेच्या बिलालासुद्धा इस्त्री करून ठेवतो, तो माझ्यासाठी नाही तर निदान त्या कागदासाठी येईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गावात पाच आठवडे राहिलो. आणि तिथे बाबा सुधारले.

मला ते दिसलं नाही असं म्हणता येणार नाही. दिसलं. पाच तासांचं यंत्र अडीच तासांवर आलं. सकाळी अंजिराखाली खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या जाणाऱ्याला हटकायचे. शेजारी विहीर खणत होते, तिथे जाऊन त्या खणणाऱ्यांना, "अरे गाढवांनो, आधी फळ्या ठोका, मग खाली उतरा," असं शिकवायचे. बुझियानच्या दंडाला धरून रोज कब्रस्तानात जायचे. आईपाशी थोडा वेळ, मग त्या भिंतीपाशी थोडा वेळ. बुझियान म्हणायचा, "मामा, जागा काही पळून जात नाही." बाबा म्हणायचे, "जागा नाही रे, मी नीट मावतो का ते बघतो." आणि दोघंही हसायचे. जेवायला बसले की बाबा माझ्या ताटातलंही घ्यायचे.

मला वाटायचं, हे उन्हाळ्यापुरतं आहे. हिवाळ्यात डोंगरात बर्फाचा वारा सुटला की मग कळेल. मी मनाशी डॉक्टरची वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायची.

निघायला आठवडा उरला तेव्हा मी पाकीट काढलं आणि कपाळाला हात लावला. हात लावायची तालीम मी आदल्या दिवशी करून ठेवली होती.

"बाबा, घोळ झालाय. गाडी तुमच्या नावावर लागलीय."

त्यांनी चष्मा लावला. कागद लांब धरला, जवळ धरला.

"माझं नाव कसं?"

"कारकुनाची चूक. गर्दी किती होती, पाहिलंत ना. आता तुम्ही नसाल तर मला गाडी बाहेर नेता येणार नाही. आणि सुट्टी संपली की लगेच ड्यूटी आहे माझी."

बुझियान उंबऱ्यात बसून टायरला ठिगळ लावत होता. तो म्हणाला, "त्यात काय? नादोरला कचेरीत अर्ज टाकायचा. मामांनी लिहून दिलं की तुझ्या नावावर करून देतात म्हणे. आमच्या वरच्या आळीतल्या एकानं केलंय."

"मी फोन केला होता," मी म्हणाले. "साहेब रजेवर आहेत. कचेरी बंद. आणि उघडली तरी दोन महिने लागतात."

मी कुणाला फोन केला नव्हता. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्या दिवशी माझ्या जिभेला लाजही नव्हती.

बाबांनी कागदाची घडी होती तशीच घातली आणि पाकिटात ठेवली. संध्याकाळी जेवले नाहीत, पण यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ लावलं.

मंगळवारी ते बुझियानबरोबर बाजाराला गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं, म्हातारा बाजारातल्या दोस्तांना निरोप द्यायला चाललाय. मी दारातून हात हलवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला आत गेले. दुपारी उशिरा परतले. एक भलंमोठं कलिंगड आणि किलोभर सूर्यफुलाच्या बिया घेऊन. बाबांचा चेहरा उन्हानं काळवंडला होता.

"शनिवारी निघायचं ना?" ते खाटेवर टेकत म्हणाले. "दोऱ्या मी बांधणार. तू हात लावू नकोस."

मी न्हाणीघरात गेले आणि आनंदानं रडले. खरंच सांगते, आनंदानं. बुझियान त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलेनासा झाला. मला वाटलं, टायर चुकीचे आणले म्हणून असेल.

बंदरावर परतीच्या खिडकीतल्या माणसानं नाव वाचलं. "मिमून कोण?"

बाबांनी गाडीतून हात वर केला, शाळेत करतात तसा.

"गाडी आणि तुम्ही, दोघंही चाललात?"

"दोघंही," बाबा म्हणाले.

बोटीवर या वेळी त्यांनी डेक नको म्हटलं. आत, खिडकीकडे पाठ करून बसले. मी म्हटलं, बाहेर हवा छान आहे. ते म्हणाले, "हवा पाहिली मी."

स्पेनमध्ये उतरल्यावर मात्र त्यांनी मांडीवर पिशवी घेतली आणि कामाला लागले. एक बी फोडायची, साल खिडकीतून टाकायचं, दाणा माझ्या तळहातावर. दहा बिया झाल्या की दम लागायचा. नळी लावायची, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा पिशवीत हात. मी म्हटलं, "पुरे आता, मला झोप येत नाहीये."

"झोप येत नाहीये, असं प्रत्येकजण म्हणतो. मग खड्ड्यात जातो."

दोन दिवस मी बोलत राहिले. ड्यूटीतल्या गमती, फुआदच्या बायकोचे नखरे, येत्या वर्षी आपण काय काय करू ते. त्यांनी सगळं ऐकलं. मी त्यांना परत आणत होते, माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मी मजेत बिया खात होते.

नोव्हेंबरात बाबा गेले. दोन वर्षं नाही, अडीच महिने. शेवटचे वीस दिवस दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर, खिडकीपाशी. खाली पार्किंग होतं. मी ड्यूटी संपवून यायची तेव्हा ते मान वळवून खाली बघत असायचे.

"वाकडी लावलीयस," एकदा म्हणाले.

"काय?"

"गाडी. पट्ट्याच्या बाहेर आहे."

मी खाली जाऊन गाडी सरळ लावून आले. वर आले तोवर ते झोपले होते. त्यानंतर त्यांनी मला नीट असं काही सांगितलं नाही.

त्यांना विमानानं गावी नेलं. पेटी विमानतळाच्या मागच्या दारातून, जिथून बोजे येतात, तिथून आली. फुआद कागदांवर सह्या करत होता, मी ढकलगाडीच्या दांड्याला धरून उभी होते आणि मला बाबांचं विमानाबद्दलचं बोलणं आठवत होतं. भिंतीलगतची जागा बुझियाननं राखली होती. बाबा तिथे नीट मावले.

तिसऱ्या दिवशी माणसं पांगली. बुझियान चहाचा पेला घेऊन अंजिराखाली बसला होता. बाबांच्या खुर्चीवर नाही, खाली जमिनीवर. मीही माझा पेला घेऊन जाऊन बसले. बराच वेळ तो पेला फिरवत राहिला.

"त्या मंगळवारी आम्ही बाजारात गेलो नव्हतो," तो म्हणाला.

"मग?"

"नादोरला गेलो होतो. कचेरीत."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"उघडी होती, वर्दा. साहेब खुर्चीत होता. चांगला माणूस, त्यानं मामांना बसायला दिलं, पाणी दिलं. अर्ध्या तासात अर्ज लिहून झाला. गाडी तुझ्या नावावर, मामा मोकळे. सही तेवढी राहिली होती."

"मग?"

"मामांनी पेन घेतलं. मला म्हणाले, बोटीतून उतरल्यावर गेंक किती किलोमीटर रे? मी म्हटलं, दोन हजारांच्या वर. म्हणाले, एकटी जाईल ती. हिनं एवढं खोटं रचलंय म्हणजे हिला माझ्याशिवाय जाववत नाहीये. वाटेत रडेल, डोळे चोळेल, झोप येईल. बिया कोण सोलून देणार? आणि पेन ठेवून दिलं. साहेब चिडला, म्हणाला, म्हातारबुवा, माझा वेळ का खाल्लात? मग मामांनी त्याच्यासाठी एक आणि आपल्याला एक, अशी दोन कलिंगडं घेतली."

वरच्या आळीत कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मला एका शब्दानं बोलले नाहीत ते."

"मलाही शपथ घातली होती. वर्दाला कळू देऊ नकोस म्हणून."

"मग तू का सांगतोस?"

बुझियाननं प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "कारण मी रोज त्यांना हाताला धरून न्यायचो. इथे बरे होते ते. जेवत होते. मला राग आहे तुझा, आणि तो घेऊन मला तुझ्याशी गोड बोलता येत नाही. म्हणून सांगितलं. आता तो राग तुझा तू सांभाळ."

तो उठला आणि पेले विसळायला गेला. मी तिथेच बसून राहिले. आजवर मला वाटत होतं, मी बाबांना फसवून नेलं. फसवून नेलं असतं तर निदान एक गुन्हा झाला असता, त्याची माफी मागता आली असती. पण ते माझं खोटं हातात घेऊन, त्याच्या शेजारी बसून, दोन हजार किलोमीटर मला दाणे भरवत आले होते. आणि मी ते खाल्ले. प्रत्येक दाणा खाल्ला.

चौथ्या दिवशी परत निघाले. ड्यूटी होती. विमानतळावरच्या पोलिसानं पासपोर्ट उघडला, पडद्यावर काहीतरी पाहिलं, बोटानं खाली सरकवलं.

"तुमच्या नावावर गाडी आहे का इथे?"

"नाही."

"नक्की? दर वर्षी आणता, दिसतंय. मागे ठेवून चालला नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी नेली मी."

"मग काही अडचण नाही," तो म्हणाला, आणि त्यानं शिक्का मारला.